हायब्रिड मोटारीची शीतन व्यवस्था व किनारपट्टीवरील तिची निगा

पेट्रोल इंजिन आणि विद्युत मोटर या दोहोंच्या बळावर चालणाऱ्या मोटारीत निर्माण होणारी अनावश्यक उष्णता बाहेर टाकणाऱ्या यंत्रणेस हायब्रिड मोटारीची शीतन व्यवस्था असे म्हणतात. रेडिएटर, त्यातून फिरणारे कूलंट, पंप, पंखे, थर्मोस्टॅट, दाबाचे झाकण आणि बॅटरीला हवा पुरवणारा झोतपंखा हे तिचे मुख्य घटक होत. साध्या मोटारीत उष्णतेचे मोठे उगमस्थान एकच असते, ते म्हणजे इंजिन. हायब्रिड मोटारीत उष्णता किमान तीन ठिकाणी निर्माण होते आणि त्या तिन्ही ठिकाणांचे तापमान निरनिराळे राखावे लागते. ‘रेडिएटरात पाणी आहे ना, मग झाले’ ही जुन्या गाड्यांच्या काळातील समजूत त्यामुळे येथे अपुरी पडते. सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या मालवण किनाऱ्यासारख्या खाऱ्या व दमट प्रदेशात या व्यवस्थेची झीज अधिक वेगाने होते आणि ती पुष्कळदा बाहेरून दिसत नाही. प्रस्तुत लेखात व्यवस्थेचे कार्य आणि या किनाऱ्याच्या संदर्भात तिची निगा यांचा विचार केला आहे.

भारतातील हायब्रिड गाड्या

इंजिन व विद्युत मोटर यांची जोडी जुळवण्याची कल्पना नवी नाही. फर्डिनांड पोर्शे यांनी १९००च्या सुमारास अशी वाहने तयार केली होती. मोठ्या प्रमाणावर उत्पादन झालेली पहिली हायब्रिड मोटार म्हणून टोयोटा प्रियसचे नाव घेतले जाते. ती डिसेंबर १९९७मध्ये जपानात विक्रीस आली. भारतात २००८ साली होंडा सिव्हिक हायब्रिड व २०१० साली प्रियस आयात होऊन आल्या. त्या महागड्या असल्याने फारशा खपल्या नाहीत. २०१३ पासून टोयोटा कॅमरी हायब्रिडची जुळणी कर्नाटकातील बिडदी येथे होऊ लागली. सर्वसाधारण कुटुंबाच्या आवाक्याजवळ हा प्रकार आला तो २०२२मध्ये. होंडा सिटीची हायब्रिड आवृत्ती, टोयोटा अर्बन क्रूझर हायरायडर, मारुती सुझुकी ग्रँड विटारा आणि वर्षअखेरीस टोयोटा इनोव्हा हायक्रॉस अशा गाड्या त्या वर्षी पुढे आल्या.

येथे एक भेद ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. २०१५ पासून मारुती सियाझ व नंतर इतर काही गाड्यांवर ‘स्मार्ट हायब्रिड’ असे लिहिलेले आढळते. त्या सौम्य हायब्रिड होत. त्यांतील छोटी मोटर इंजिनाला केवळ हातभार लावते, एकटी गाडी ओढत नाही. अशा गाड्यांत शीतनाची रचना बहुतांशी साध्या पेट्रोल गाडीसारखीच असते. या लेखातील इन्व्हर्टर व मोठी बॅटरी यांविषयीचा मजकूर पूर्ण हायब्रिड गाड्यांना लागू पडतो. आपली गाडी कोणत्या प्रकारची हे मालकालाच ठाऊक नसल्याचे अनेकदा आढळते. कंपनीची पुस्तिका उघडल्यास ही शंका पहिल्या काही पानांतच फिटते.

उष्णतेची तीन उगमस्थाने

पहिले अर्थातच इंजिन. हायब्रिड गाड्यांतील उत्तम इंजिनेही पेट्रोलमधील ऊर्जेपैकी सुमारे ४० टक्केच गतीसाठी वापरू शकतात. उरलेली ऊर्जा उष्णतेच्या रूपाने काही धुराड्यावाटे व काही कूलंटवाटे बाहेर पडते. इंजिनाभोवतीचे कूलंट साधारणपणे ८५ ते ९५ अंश सेल्सियस या तापमानाला राखले जाते. त्याहून थंड इंजिन पेट्रोल अधिक खाते, म्हणून थर्मोस्टॅट नावाची झडप इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडचा मार्ग बंद ठेवते. जुन्या गाड्यांत पाण्याचा पंप इंजिनाच्या पट्ट्यावर फिरे. इंजिन थांबले की पंपही थांबे. टोयोटाने २००९च्या तिसऱ्या पिढीतील प्रियसमध्ये हा पट्टा काढून टाकून विजेवर चालणारा पंप बसवला. अशा रचनेत इंजिन बंद पडल्यावरही कूलंट फिरत राहू शकते.

दुसरे उगमस्थान इन्व्हर्टर. बॅटरीतील एकदिश प्रवाहाचे मोटरला लागणाऱ्या प्रत्यावर्ती प्रवाहात रूपांतर करण्याचे काम ही पेटी करते. तिच्यातील अर्धसंवाहक स्विच सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करतात आणि प्रत्येक उघडझापेत थोडी ऊर्जा वाया जाते. ५० किलोवॅट शक्ती हाताळताना ५ टक्के जरी वाया गेली, तरी अडीच किलोवॅट उष्णता झाली. एवढ्या उष्णतेवर घरातला गिझर चालतो, आणि येथे ती बुटांच्या खोक्याहून थोड्या मोठ्या पेटीत कोंडलेली असते. इंजिनाभोवतीचे ९० अंशांचे कूलंट या पेटीला गार करू शकत नाही; तिच्या कूलंटचे तापमान साधारण ६५ अंशांच्या आत राहावे अशी अपेक्षा असते. म्हणूनच तिच्यासाठी वेगळी टाकी, वेगळा छोटा विद्युत पंप आणि वेगळा रेडिएटर असतो. हा रेडिएटर कधी स्वतंत्र असतो, कधी इंजिनाच्या रेडिएटरच्याच सांगाड्यात वेगळा कप्पा करून बसवलेला असतो. बॉनेट उघडल्यावर दोन टाक्या दिसतात त्या याचमुळे. एकीतील कूलंट कमी झाले म्हणून दुसरीत ओतून भागत नाही.

तिसरे उगमस्थान बॅटरी. हायरायडर व ग्रँड विटारा यांच्या पूर्ण हायब्रिड आवृत्त्यांत ०.७६ किलोवॅट-तास क्षमतेची लिथियम-आयन बॅटरी आहे, तर हायक्रॉसमध्ये निकेल-मेटल हायड्राइड प्रकारची आहे. अशा बॅटऱ्यांना सहसा कूलंट नसते. एक छोटा झोतपंखा गाडीच्या आतली हवा ओढून बॅटरीवरून फिरवतो. म्हणजे प्रवाशांना लागणारी हवाच बॅटरीलाही लागते. ही हवा आत घेण्याची जाळी आसनाच्या बाजूला किंवा खाली असते, आणि तिच्यावर पिशव्या, चादरी वा कोकम-आंब्यांची खोकी ठेवली की बॅटरीचा श्वास कोंडतो.

या तिन्हींपैकी इंजिनाबाबत जनमानसात पुरेशी जाग आहे. इन्व्हर्टर मात्र दुर्लक्षित राहतो. त्याचे महत्त्व किती ते दोन घटनांवरून कळते. दुसऱ्या पिढीच्या प्रियसमधील इन्व्हर्टरचा विद्युत पंप बंद पडू शकतो असे आढळल्यावर टोयोटाने २०१२ साली त्या गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. २०१४ साली तिसऱ्या पिढीच्या सुमारे १९ लाख प्रियस परत बोलावण्यात आल्या. तेव्हा दोष पंपाचा वा कूलंटचा नव्हता, तर संगणकीय आज्ञावलीमुळे काही ट्रान्झिस्टरांवर उष्णतेचा ताण जास्त येत होता. दोन्ही वेळी धोका सारखाच होता : इंजिन ठणठणीत असतानाही चालती गाडी शक्ती गमावून रस्त्यात उभी राहू शकत होती.

बर्फ पडत नाही, मग कूलंट कशासाठी?

कोकणात हा प्रश्न नेहमी विचारला जातो आणि तो गैरवाजवी नाही. कूलंटच्या डब्यावर ‘अँटिफ्रीझ’, म्हणजे गोठणरोधक, असे लिहिलेले असते. मालवणात पारा गोठणबिंदूच्या आसपासही कधी फिरकत नाही. तेव्हा थंड देशांसाठी केलेल्या या महागड्या रंगीत द्रवाऐवजी विहिरीचे पाणी का चालू नये?

कूलंटमध्ये साधारणपणे निम्मे पाणी व निम्मे इथिलीन ग्लायकॉल असते. हे मिश्रण उणे ३७ अंशांच्या आसपास गोठते. या गुणाचा सिंधुदुर्गात काहीच उपयोग नाही. उपयोग आहे तो दुसऱ्या टोकाचा. साधे पाणी १०० अंशांना उकळते, हे मिश्रण सुमारे १०७ अंशांना. रेडिएटरच्या झाकणाची स्प्रिंग आतला दाब वाढू देते, १.१ बार एवढ्या वाढीव दाबाखाली मिश्रणाचा उत्कलनबिंदू १२९ अंशांच्या जवळ जातो. आंबोलीसारख्या सुमारे ६९० मीटर उंचीच्या ठिकाणी उघड्या भांड्यातील पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळते, हे लक्षात घेतले तर घाटमाथ्यावर झाकणाचे रबर का महत्त्वाचे ते कळेल. काही रुपयांचे हे रबर कडक होऊन चिरले की दाब टिकत नाही आणि कूलंट उत्तम असूनही उकळते.

तथापि उकळण्याहूनही मोठे कारण गंजाचे आहे. आजचे रेडिएटर अ‍ॅल्युमिनियमचे असतात. अ‍ॅल्युमिनियमवर हवेच्या संपर्काने ऑक्साइडचा अतिशय पातळ थर आपोआप चढतो आणि तोच त्याचे रक्षण करतो. क्लोराइड, म्हणजे मिठातील घटक, हा थर जागोजागी फोडतो आणि तेथे सुईने टोचल्यासारखी भोके पडू लागतात. देवबागसारख्या, एका अंगाला समुद्र व दुसऱ्या अंगाला कर्ली नदीची खाडी असलेल्या चिंचोळ्या पट्टीवर उन्हाळ्यात विहिरीच्या पाण्याला खारटपणा येणे ही नवलाची गोष्ट नाही. जे पाणी जिभेला खारट लागते ते रेडिएटरला विष होय. जे लागत नाही त्यातही क्लोराइड नसेलच असे नाही. कूलंटमध्ये मिसळलेली गंजरोधक द्रव्ये धातूवर संरक्षक थर राखतात. ती हळूहळू खर्ची पडतात. कूलंट बदलायचे ते ग्लायकॉल संपते म्हणून नव्हे, तर ही द्रव्ये संपतात म्हणून. गोठणरोधक हे नाव उष्ण प्रदेशापुरते तरी दिशाभूल करणारे आहे. ‘गंजरोधक’ असे नाव असते तर या वादातील बराचसा भाग उरला नसता.

जास्त ग्लायकॉल घातल्याने जास्त फायदा होतो हाही गैरसमज आहे. पाणी हे उष्णता वाहून नेण्यास सर्वोत्तम द्रव आहे. निम्मे-निम्मे मिश्रण त्याहून १० ते १५ टक्क्यांनी कमी उष्णता वाहते. ग्लायकॉलचे प्रमाण आणखी वाढवले की ही क्षमता आणखी घटते. म्हणून तयार मिश्रणच घ्यावे. सांद्र द्रव आणल्यास तो ऊर्ध्वपातित पाण्यातच, डब्यावरील प्रमाणानुसार मिसळावा. पावसाळ्यात पागोळीखाली धरलेले पाणी पुष्कळ जण शुद्ध समजतात; समुद्रकाठच्या पावसात मात्र मिठाचा अंश असतो आणि छपरावरची घाणही त्यात उतरते.

रंगाविषयी एक सूचना. हिरवे, गुलाबी, निळे, नारिंगी हे कूलंटचे रंग कंपन्यांनी आपापल्या सोयीने ठरवले आहेत, त्यांस एकसमान अर्थ नाही. जुन्या प्रकारात सिलिकेट, नव्यात सेंद्रिय आम्ले, जपानी गाड्यांच्या कूलंटमध्ये सेंद्रिय आम्लांसोबत फॉस्फेट अशी गंजरोधक द्रव्ये वापरली जातात. रंग जुळतो म्हणून दोन प्रकार एकत्र केल्यास गंजरोधकांचे आयुष्य घटते, क्वचित गाळही बसतो.

खारा वारा, तांबडी धूळ आणि सुरूची पाने

आतून कूलंट राखले तरी बाहेरून रेडिएटरवर हल्ला चालूच असतो. लाटा फुटतात तेव्हा सूक्ष्म तुषार हवेत उडतात, त्यांतील पाणी आटते आणि मीठ वाऱ्याबरोबर जमिनीवर येते. त्याचे प्रमाण लाटांपासून पहिल्या काही शे मीटरांत सर्वाधिक असते. तारकर्ली, वायरी, देवबाग, तोंडवळी येथील किनाऱ्यालगतची घरे व त्यांच्या अंगणात उभ्या गाड्या नेमक्या याच पट्ट्यात येतात. रेडिएटर व त्याच्या पुढे असणारा एसीचा कंडेन्सर यांची जागा मोटारीच्या तोंडाशी. वारा त्यांच्यातून जावा म्हणूनच ते तेथे बसवलेले असतात. तेव्हा वाऱ्याबरोबर येणारे मीठही पहिल्याप्रथम त्यांच्यावरच बसते.

कोरडे मीठ धातूला फारसे खात नाही. ओले मीठ खाते. हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधे मीठ हवेतील बाष्प शोषून स्वतःच विरघळू लागते. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असते आणि ते तर ३३ टक्क्यांच्या आसपासच पाझरू लागते. पावसाळ्यात बरणीतले मीठ पाणी सोडते हे कोकणातल्या प्रत्येक स्वयंपाकघरात दिसते. रेडिएटरवर घडते ते हेच. देशावर उभी असलेली गाडी उन्हाळाभर कोरडी राहते. मालवणातली वर्षातील बराच काळ पातळ खाऱ्या ओलाव्यात असते, चालवली नाही तरीही. किंबहुना चालवली नाही तर अधिकच. कारण मुंबईकर मालकाच्या अंगणात महिनोन् महिने झाकून ठेवलेल्या गाडीवरचे मीठ धुऊन निघत नाही आणि इंजिनाच्या उबेने ती सुकतही नाही. अ‍ॅल्युमिनियमला जेथे लोखंडी कंस वा बोल्ट टेकतो तेथे या खाऱ्या ओलाव्यामुळे दोन धातूंची जणू छोटी विद्युत घटमाला तयार होते आणि अ‍ॅल्युमिनियम आधी झिजते.

यात जांभ्या दगडाच्या तांबड्या धुळीची भर पडते. रेडिएटरच्या जाळीतील पत्रे दशांश एक मिलिमीटर वा त्याहूनही पातळ असतात. धूळ व मीठ यांचा ओला लेप त्यांत बसला की हवेचा मार्ग अरुंद होतो आणि ओलावाही टिकून राहतो. किनाऱ्यावरच्या सुरूच्या बनांत गाडी उभी करण्याची सवय सावलीच्या दृष्टीने चांगली असली, तरी सुरूच्या सुईसारख्या काड्या जाळीतून आत शिरून कंडेन्सर व रेडिएटर यांच्या मधल्या फटीत साचतात. ही फट समोरून दिसत नाही. टॉर्च घेऊन वरून पाहिल्यास तेथे गवताच्या पेंढीसारखा थर आढळतो.

उपाय साधा आहे : गोड्या पाण्याने धुणे. गाडी पूर्ण बंद करून, रेडिएटर थंड झाल्यावर, बागेच्या नळीच्या सौम्य धारेने जाळी समोरून भिजवावी आणि शक्य असल्यास आतल्या बाजूने बाहेर पाणी सोडावे, म्हणजे कचरा आला त्या वाटेने परत जातो. सर्व्हिसिंगच्या दुकानातील जोराचा फवारा जाळीवर मारू देऊ नये. पातळ पत्रे लवतात आणि कायमचे मिटतात. बॉनेटखालील नारिंगी तारा व त्यांच्या जोडांवरही फवारा नको. किनाऱ्यालगत राहणाऱ्यांनी ऑक्टोबर ते मे या कोरड्या महिन्यांत पंधरा दिवसांनी एकदा हे केले तर पुरेसे आहे. पाऊस काही प्रमाणात हे काम फुकट करतो. वाळूवर गाडी नेऊन लाटांच्या कडेने पळवण्याची जी हौस पर्यटक भागवतात तिच्यानंतर मात्र त्याच दिवशी गाडी खालूनही धुवावी. धुण्याचे पाणी खारट विहिरीचे असेल तर धुण्याला काही अर्थ राहत नाही.

घाट चढताना आणि उतरताना

सिंधुदुर्गातील गाडीला सर्वांत मोठी परीक्षा घाटात द्यावी लागते. सावंतवाडीहून आंबोलीमार्गे बेळगावकडे, वैभववाडीहून करूळ वा भुईबावडा घाटाने कोल्हापूरकडे, किंवा फोंडा घाटाने वर जाताना चढण सलग असते आणि वेग कमी, म्हणजे समोरून येणारी हवाही कमी.

थोडे गणित येथे उद्बोधक ठरेल. माणसे व सामानासह १,६०० किलोग्रॅम वजनाची गाडी ६०० मीटर उंच चढवण्यास लागणारी ऊर्जा सुमारे २.६ किलोवॅट-तास होते. बॅटरीची एकूण क्षमता ०.७६ किलोवॅट-तास, आणि आयुष्य राखण्यासाठी संगणक तिचा काही भागच वापरू देतो. म्हणजे पायथ्यापासून थोडे वर गेल्यावर बॅटरीचा हातभार संपतो आणि सारा भार इंजिनावर येतो. घाटात हायब्रिडचे इंजिन एरवीपेक्षा फार ओरडते अशी तक्रार ऐकू येते. तो बिघाड नव्हे. चढ संपल्यावर गाडी थांबवली की पंखा व पंप काही वेळ चालू राहतात, तेही योग्यच आहे.

उतरताना हीच ऊर्जा परत मिळते. मोटर जनित्राचे काम करते आणि बॅटरी भरते, पण त्याच हिशोबाने ती घाटाच्या पहिल्या टप्प्यातच भरून जाते. त्यानंतर वीज साठवण्यास जागा उरत नाही. तेव्हा गाडी पेट्रोल न घालता इंजिन नुसते फिरवून वेग रोखते, आणि चालकाने ‘बी’ स्थिती निवडलेली नसेल तर उरलेला भार ब्रेकवर पडतो. मुसळधार पावसात व धुक्यात ‘बी’ लावून सावकाश उतरणे ब्रेकसाठी हितावह आहे.

आणखी एक सवय टाळण्यासारखी आहे. चढावर वाहतूक खोळंबली असता ब्रेक न दाबता अ‍ॅक्सिलरेटरवर हलका पाय ठेवून गाडी जागच्या जागी तोलून धरणे. क्लचच्या गाडीत याने क्लच जळतो. हायब्रिडमध्ये क्लच जळत नाही, पण मोटर फिरत नसताना तिच्यातून मोठा प्रवाह जातो आणि तो इन्व्हर्टरच्या सर्व स्विचांत आळीपाळीने न वाटला जाता थोड्यांवरच पडून राहतो. ते झपाट्याने तापतात. अशा वेळी ब्रेकच दाबून ठेवावा.

बॅटरीची हवा

उष्णतेने बॅटरी लगेच बंद पडत नाही, ती लवकर म्हातारी होते. तापमान दर १० अंशांनी वाढले की तिच्यातील ऱ्हासाचा वेग साधारण दुप्पट होतो, असा ढोबळ नियम आहे. भारतातील प्रमुख कंपन्या हायब्रिड बॅटरीला सहसा ८ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटरची हमी देतात. त्यापुढचे आयुष्य बव्हंशी मालकाच्या सवयींवर ठरते, आणि नवी बॅटरी ही गाडीतील सर्वांत महाग वस्तूंपैकी एक असल्याने हा मुद्दा खर्चाच्या दृष्टीने रेडिएटरहूनही मोठा आहे.

हवेच्या जाळीमागे पातळ गाळणी असते. पायांना चिकटून आलेली वाळू, कुत्र्यामांजरांचे केस, कपड्यांचे धागे यांनी ती भरते. पुस्तिकेत दाखवलेल्या पद्धतीने ती काढून साफ करावी. किनाऱ्यावर दर सहा महिन्यांनी तरी पाहावी. मे महिन्यात उन्हात तापलेल्या गाडीत बसल्यावर आधी काचा उघडून कोंडलेली हवा जाऊ द्यावी व मग एसी लावावा. पेट्रोल वाचवण्यासाठी एसी बंद ठेवून काचा लावून बसणे बॅटरीला मानवत नाही, माणसांना तर नाहीच.

नियमित तपासणी

कूलंटची पातळी सकाळी, गाडी रात्रभर उभी राहिल्यावर पाहावी. दोन्ही टाक्यांवर ‘फुल’ व ‘लो’ अशा खुणा असतात; द्रव त्यांच्या दरम्यान हवा. पातळी वारंवार उतरत असेल तर पुन्हा पुन्हा भरत राहण्यात अर्थ नाही, गळती शोधावी. जोडांवर पांढरी-गुलाबी पूड जमली असेल तर ती वाळलेल्या कूलंटची खूण होय. अनेक गाड्यांत गाडी ‘रेडी’ अवस्थेत असताना इन्व्हर्टरच्या टाकीत द्रवाची हलकी खळबळ दिसते. ती अजिबात दिसत नसेल तर पंप दाखवून घ्यावा. नारळी-पोफळीच्या बागेत उभ्या राहणाऱ्या गाड्यांच्या रबरी नळ्या व तारांवर उंदरांच्या दातांच्या खुणा आहेत का तेही याच वेळी पाहावे.

कूलंट बदलण्याचे अंतर कंपनीनुसार वेगळे असते. टोयोटाच्या दीर्घायुषी गुलाबी कूलंटसाठी अनेक नमुन्यांच्या वेळापत्रकांत इंजिनाकरिता पहिला बदल १,६०,००० किलोमीटरना व इन्व्हर्टरकरिता २,४०,००० किलोमीटरना, त्यानंतर दर ८०,००० किलोमीटरना सांगितलेला आढळतो. हे आकडे वाचून मालक निश्चिंत होतात. वर्षाला ८,००० किलोमीटर चालणाऱ्या गाडीला १,६०,००० गाठण्यास २० वर्षे लागतील; म्हणून वेळापत्रकात किलोमीटरांसोबत दिलेली वर्षांची मर्यादा पाहावी, दोहोंपैकी जी आधी येईल ती लागू होते. शिवाय हे अंतर मूळ कूलंट कायम असल्याचे गृहीत धरते. मध्येच कोणी नळाचे पाणी भरले असेल तर तो हिशोब तेथेच संपला, आणि कूलंट लवकर बदलणे हेच शहाणपणाचे.

पातळी पाहणे, जाळी धुणे व गाळणी साफ करणे ही कामे घरी करता येतात. इन्व्हर्टरचे कूलंट बदलणे हे घरचे काम नव्हे. त्यात हवेचे बुडबुडे राहिले तर द्रव फिरत नाही, आणि ते काढण्यासाठी पुष्कळदा संगणकाद्वारे पंप चालवावा लागतो. नारिंगी आवरणाच्या तारांत प्राणघातक दाबाची वीज असते. त्यांना व त्यांच्या जोडांना प्रशिक्षित तंत्रज्ञाखेरीज कोणी हात लावू नये.

शांत गाडीचा धोका

साध्या गाडीचे इंजिन चालू आहे की बंद हे कानांना कळते. हायब्रिड मोटार ‘रेडी’ अवस्थेत निःशब्द उभी असते आणि बॅटरी उतरली की इंजिन कोणतीही पूर्वसूचना न देता सुरू होते. रेडिएटरचा पंखाही तसाच. बॉनेटखाली हात घालण्यापूर्वी गाडी बंद करावी, ‘रेडी’चा दिवा विझल्याची खात्री करावी आणि चावी खिशात न ठेवता लांब ठेवावी. आवाज नाही म्हणून इंजिन थंड आहे असेही समजू नये. दाबाखालचे गरम कूलंट झाकण सैल होताच वाफेसह उसळते व भाजते. किमान अर्धा-पाऊण तास थांबून, झाकणावर जाड फडके धरूनच ते उघडावे.

रस्त्यात बिघाड झाल्यास

अनेक हायब्रिड गाड्यांत तापमानाची सुई नसते, फक्त दिवा असतो. इंजिन तापल्याचा लाल दिवा किंवा हायब्रिड प्रणाली तपासण्याची सूचना दिसताच गाडी सुरक्षित जागी थांबवावी. इंजिनाच्या टाकीत द्रव कमी असेल आणि कूलंट हाताशी नसेल, तर गाडी थंड झाल्यावर पिण्याचे स्वच्छ पाणी घालून जवळच्या दुरुस्तीगृहापर्यंत जाता येते. तेथे ते सांगून पुढे संपूर्ण कूलंट बदलून घ्यावे. इन्व्हर्टरची टाकी रिकामी आढळल्यास मात्र गाडी चालवू नये.

बंद पडलेली गाडी दुसऱ्या गाडीला दोर बांधून ओढत नेण्याची पद्धत कोकणात सर्रास आहे. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या हायब्रिडबाबत ती घातक ठरते, कारण चाके फिरली की त्यांना जोडलेली मोटरही फिरते व वीज निर्माण करते. पुढची चाके उचलून किंवा संपूर्ण गाडी ट्रकवर चढवूनच न्यावी. पुराच्या पाण्यात बुडालेली हायब्रिड गाडी सुरू करून पाहण्याचा मोह टाळावा आणि कंपनीच्या मदतसेवेस कळवावे.

जुन्या कूलंटची विल्हेवाट

इथिलीन ग्लायकॉल चवीला गोडसर व विषारी असते. सुमारे १०० मिलिलिटर इतके प्रमाणही प्रौढ माणसाच्या जिवावर बेतू शकते, लहान मुलाला तर त्याहून कितीतरी कमी पुरते. गोडीमुळे कुत्री, मांजरे व गुरेही ते चाटतात. उरलेले कूलंट सरबताच्या वा पाण्याच्या बाटलीत भरून ठेवू नये. मूळ डब्यातच, मुलांच्या हाताला लागणार नाही असे ठेवावे. सांडलेले लगेच भरपूर पाण्याने धुवावे. काढलेले जुने कूलंट व्हाळात, गटारात किंवा माडाच्या आळ्यात ओतण्याची चाल आढळते. ती सोडून द्यावी. जांभ्याच्या जमिनीत पाणी भराभर झिरपते आणि घराची विहीर सहसा तेथून चार पावलांवर असते. जुने कूलंट बंद डब्यात भरून, अधिकृत सेवा केंद्रात पुढच्या फेरीच्या वेळी परत द्यावे. कोणी ते प्यायल्याचा संशय आला तर लक्षणांची वाट न पाहता रुग्णालय गाठावे व सोबत डबा न्यावा, कारण पहिल्या काही तासांत रुग्ण केवळ दारू प्यायल्यासारखा दिसतो आणि मूत्रपिंडांवरील परिणाम नंतर प्रकट होतात.